तण, रान आणि रूळ : खानदेशातील गवताळ माळांच्या इतिहासाविषयी एक टिपण

१

जळगावहून चाळीसगावकडे जाणाऱ्या गाडीत भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास खिडकीशी बसलेल्या प्रवाशास एक गोष्ट सहज दिसते, परंतु ती बहुधा त्याच्या ध्यानी येत नाही. शिरसोली, म्हसावद, माहेजी, पाचोरा, नगरदेवळा, कजगाव, वाघळी अशी स्थानके मागे पडत असता दूरवर कपाशीची शेते पसरलेली असतात आणि या शेतांच्या व रुळांच्या मध्ये, कोठे चार हात तर कोठे चाळीस हात रुंद अशी, गवताची एक पट्टी गाडीबरोबर धावत असते. मध्येच ती तुटते. कोठे तेथे भाजीचे वाफे असतात, कोठे वेड्या बाभळीने तिचा घास घेतलेला असतो. पण जेथे ती शाबूत आहे तेथे मारवेल, पवन्या, कुसळी अशी बहुवर्षायू गवते कमरेएवढी उभी असतात, तारांवर नीलपंख बसलेला असतो, आणि क्वचित एखादा तितर भराव उतरून गवतात शिरताना दिसतो.

ही पट्टी म्हणजे काय, असा प्रश्न प्रस्तुत निबंधात विचारावयाचा आहे. ती रिकामी राहिलेली, कोणाच्या उपयोगास न आलेली जमीन आहे, असे सामान्यतः समजले जाते. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे याहून निराळे आहे. ही पट्टी एक जुना लेख आहे. ज्या गवताळ प्रदेशाने एके काळी तापीच्या खोऱ्याचा बराच भाग व्यापलेला होता, त्याचे हे उरलेले तुकडे होत. आणि विशेष असे की, ज्या लोहमार्गाने तो प्रदेश संपविण्यास हातभार लावला, त्याच लोहमार्गाच्या हद्दीत हे तुकडे तगून राहिले. हा लेख वाचावयाचा तर दप्तरे, उत्खनने आणि पक्ष्यांच्या याद्या यांच्या जोडीला आणखी एक साधन हाताशी घेतले पाहिजे. ते साधन म्हणजे आपली भाषा होय.

२

पहिला प्रश्न असा की, खानदेशातील गवत मूळचे की उपरे? वनविद्येच्या जुन्या ग्रंथांनी आपल्या मनावर असे बिंबविले आहे की, जेथे जेथे माळ आहे तेथे तेथे पूर्वी वन होते, आणि कुऱ्हाड, आग व गुरे यांनी ते नष्ट होऊन माळ उरला. या समजुतीनुसार गवताळ प्रदेश ही वनाची अधोगती ठरते. सातपुड्याच्या व सातमाळ्याच्या उतारांवरील काही भागांपुरते हे खरेही असेल. तथापि सर्व खानदेशास हा नियम लावता येत नाही. धुळे परिसरात वर्षाकाठी पाचशे ते सहाशे मिलिमीटर आणि जळगावाकडे सातशेच्या आसपास पाऊस पडतो. तोही चार महिन्यांत, आणि नंतर आठ महिने कोरडे. अशा हवेत मुरमाड बरडांवर घनदाट अरण्य हीच नैसर्गिक स्थिती होती असे मानण्यास आधार लागेल. आणि उपलब्ध आधार उलट दिशेस बोट दाखवितो.

चाळीसगावच्या दक्षिणेस डोंगराच्या पायथ्याशी असलेले पाटणे हे स्थळ भास्कराचार्यांच्या परंपरेशी निगडित शिलालेखामुळे आपणा सर्वांस परिचित आहे. त्याच परिसरात १९७२-७३ मध्ये डॉ. शं. अ. साळी यांनी केलेल्या उत्खननात उत्तर पुराश्मयुगीन थरांतून शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली. त्यांपैकी एका तुकड्यावर दोन समांतर रेषांमध्ये एकमेकींस छेदणाऱ्या रेघांची नक्षी कोरलेली आहे. या कवचांचा काळ आजपासून सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा धरला जातो. कलेच्या इतिहासात या तुकड्याचा उल्लेख वारंवार होतो. आपणास येथे नक्षीपेक्षा कवच महत्त्वाचे आहे. शहामृग हा दाट अरण्यातील पक्षी नव्हे. त्याला मोकळे, कोरडे, दूरवर दृष्टी पोचेल असे मैदान लागते. शेती नव्हती, गुरे पाळली जात नव्हती, लोखंडाची कुऱ्हाड जन्मास यावयाची होती, त्या काळी गिरणेच्या खोऱ्यात शहामृग वावरत होता. म्हणजे तेव्हाही तेथे उघडा गवताळ प्रदेश होता. हवामान त्यानंतर अनेकदा पालटले हे मान्य करूनही एवढे निश्चित म्हणता येते की, खानदेशातील माळ ही माणसाने केलेली नासाडी नव्हे. माणूस आला तेव्हा माळ त्याच्या आधी येथे होता.

३

आता भाषेकडे वळू. ‘जंगल’ हा शब्द आज आपण दाट अरण्य या अर्थाने योजतो. परंतु संस्कृतात ‘जाङ्गल’ याचा अर्थ जवळजवळ विरुद्ध होता. आयुर्वेदाने देशाचे तीन प्रकार सांगितले : जांगल, आनूप व साधारण. आनूप म्हणजे पाणथळ व दाट झाडीचा. जांगल म्हणजे कोरडा, मोकळ्या आकाशाचा, खैर, बोर, शमी अशा विरळ वृक्षांचा, हरिणांचा व तितर-लाव्यांचा देश. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने जांगल देशात वस्ती करावी असे सांगितले आहे, आणि दुसऱ्या अध्यायात कृष्णसार मृग, म्हणजे काळवीट, जेथे स्वभावतः संचार करतो तो देश यज्ञास योग्य मानला आहे. फ्रेंच पंडित फ्रान्सिस झिमरमन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या शब्दाचा सविस्तर विचार केला आहे. तात्पर्य असे की, प्राचीन भारतीय दृष्टीने विरळ झाडीचा गवताळ प्रदेश हा ओसाड नव्हता. तो वस्तीस उत्तम असा देश होता. शब्दाचा अर्थ फिरला, तो लोकांच्या वापरात हळूहळू फिरला, आणि पुढे इंग्रजीत जाऊन परत आला तेव्हा पूर्णच उलटला. परिणामी त्या भूप्रकाराचे शास्त्रीय नावच आपल्या हातून निसटले.

दुसरा शब्द ‘तण’. याची व्युत्पत्ती सरळ आहे : संस्कृत तृण, प्राकृत तण. मुळात अर्थ केवळ गवत. आज मराठीत तण म्हणजे पिकात उगवलेले नको ते गवत, जे निंदून काढावयाचे. अर्थसंकोचाचे हे उदाहरण प्रस्तुत लेखक अनेक वर्षे वर्गात देत आला आहे. हा संकोच कोणी केला, हे मात्र त्याने पुरेसे सांगितले नाही. तो नांगरधाऱ्याने केला. गुराख्याच्या तोंडी तण ही संपत्ती होती, शेतकऱ्याच्या तोंडी ती उपद्रव झाली; आणि भाषेत शेतकऱ्याची सरशी झाली. जुना अर्थ एका पक्ष्याच्या नावात मात्र अडकून राहिला आहे. तणमोर म्हणजे गवतातला मोर. पावसाळ्यात उंच गवतातून वारंवार उडी घेऊन नर आपले अस्तित्व जाहीर करतो, त्यावरून हे नाव किती यथार्थ आहे ते कळते. आजच्या अर्थाने ते नाव वाचले तर मात्र हास्यास्पद ठरेल.

तिसरा शब्द ‘रान’. हा अरण्यापासून आला. पण मराठी माणूस “रानात गेला” म्हणतो तेव्हा तो शेतावर गेलेला असू शकतो, गुरांमागे गेलेला असू शकतो किंवा लाकडांस गेलेला असू शकतो. गायरान, माळरान, रान नांगरणे, रान मोकळे सोडणे : या सर्व प्रयोगांत वन, कुरण व शेत यांच्यामध्ये पक्की भिंत नाही. एका वर्षी पिकाखाली असलेले रान पुढील काही वर्षे गवताखाली जाई आणि पुन्हा नांगरले जाई. ही ये-जा ज्या व्यवहारात चालत होती त्या व्यवहाराचे ‘रान’ हे अचूक नाव होते.

अहिराणी या नावाकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात (खंड ९, भाग ३, १९०७) खानदेशीची नोंद भिल्ली बोलींच्या सोबतीने केली. त्या वर्गीकरणाविषयी मतभेद आहेत आणि ते येथे मांडण्याचे कारण नाही. आपल्या विषयापुरते इतकेच की, अहिराणी म्हणजे अहिरांची बोली, आणि अहीर म्हणजे आभीर, गुरे राखणारे लोक. ज्या प्रदेशाच्या मुख्य बोलीस गोपालकांच्या नावाने ओळखले जाते, त्या प्रदेशात एके काळी गवत हे गौण पीक नव्हते, एवढे अनुमान करण्यास हरकत नसावी.

४

गवताचा उपयोग केवळ गावच्या गुरांपुरता नव्हता. सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा मोगलकालीन राजमार्ग नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा असा तापीच्या खोऱ्यातून जात असे. १६१५ मध्ये इंग्रज वकील टॉमस रो याच वाटेने बऱ्हाणपुरास गेला. सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन करून ठेवले आहे. धान्य, मीठ, कापूस हा सारा माल पाठीवर वाहणाऱ्या या बैलांना खावयास काय मिळे? तांड्याबरोबर वैरण नेणे शक्यच नव्हते. बैल चालत चालत चरत, आणि तांडा मुक्कामास उतरे तेथे चरत. म्हणजे वाटेच्या दोहों बाजूंचे गवत हे त्या वाहतुकीचे इंधन होते. आगगाडीस जसा कोळसा, तसे तांड्यास तण. ज्यास पुढे ‘पडीत’ म्हटले गेले ती जमीन वस्तुतः एका प्रचंड व्यापारी यंत्रणेचा भाग होती.

गवत स्वतःही विकले जाई. रोशा गवताचे तेल हा खानदेशचा जुना उद्योग. पावसाळा सरून गवत फुलावर आले की ओढ्याकाठी भट्ट्या लावून तेल काढीत. हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्रातील बंदरांमार्गे इस्तंबूलपर्यंत जाई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. तेव्हा ज्याचा सुगंध युरोपात गुलाब म्हणून विकला गेला, त्यातील काही अंश खानदेशच्या बरडावरील गवताचा होता.

५

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा त्याची स्थिती फार शोचनीय होती. होळकरांच्या स्वाऱ्या, १८०३-०४ चा दुष्काळ आणि त्यानंतरची बेबंदशाही यांमुळे गावेच्या गावे उठून गेली होती. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या उजाडीची नोंद केली आहे. शेते गेली, तेथे गवत व झुडपे आली, आणि त्यांत वाघ आले. नव्या राजवटीने वाघांच्या संहारास बक्षिसे लावली. १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारणारा जेम्स औट्रम हा शिकारी म्हणूनही गाजला. चाळीसगाव व कन्नड यांमधील घाटास त्याचे नाव पडले. आणि १९८६ मध्ये त्या परिसरात अभयारण्य झाले त्याचे नाव गौताळा औट्रमघाट. ज्याने जन्मभर श्वापदे मारली त्याचे नाव श्वापदांच्या आश्रयस्थानास मिळावे, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. उजाड गावाचे गवत हे कोणा शेतकऱ्यास सुखाचे दृश्य नव्हते. गवत वाढले याचा अर्थ घर बसले, विहीर बुजली. म्हणून जमीन लागवडीखाली आणण्याचा जो प्रयत्न पुढे झाला त्यास केवळ लोभ म्हणता येणार नाही. १८५२ मध्ये खानदेशात जमिनीची पाहणी सुरू झाली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल येथे रयतेने तिला विरोध केला हे खरे. पण तो पुढील सारावाढीच्या भयाने केला होता, गवताच्या प्रेमाने नव्हे.

या पाहणीने मात्र एक कायमचा बदल केला. तिने प्रत्येक तुकड्यास क्रमांक दिला आणि प्रत्येक क्रमांकास एकच एक जात दिली. लागवडीलायक असून न पेरलेली ती पडीत. पेरता न येणारी ती खराबा. एखाद्या शेतातील मुरमाड कोपरा तो पोटखराबा. गायराने वेगळी राखली गेली, पण जे राखले नाही ते सारे ‘न पेरलेले’ या एकाच अभावात्मक वर्णनाखाली गेले. ‘रान’ या शब्दात जी ये-जा होती ती या कोष्टकात मावली नाही. पडीत म्हणजे जी पडून आहे ती. तिच्यावर काय उभे आहे, कोण चरते, कोण घरटे करते, याची नोंद त्या रकान्यात होऊ शकत नव्हती. पुढे १८७८ च्या वनकायद्याने डोंगरउतारांचे वन वेगळे केले. वन वनखात्याकडे, शेत रयतेकडे. मधल्या माळास धनी उरला नाही.

याच सुमारास लोहमार्ग आला. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे धावलेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे थळघाट ओलांडून १८६० च्या दशकात खानदेशात शिरली. १८६७ मध्ये भुसावळ नागपूरशी आणि १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई कलकत्त्याशी जोडली गेली. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धाने कापसाचे भाव कडाडले होते. युद्ध संपले, भाव कोसळले, पण रूळ राहिले, आणि रुळांबरोबर कापूसही राहिला. जळगाव हे लहानसे गाव कापसाची मोठी पेठ झाले. १८७० च्या दशकात तेथे कापडगिरणी उभी राहिली. १९०० च्या सुमारास चाळीसगाव-धुळे शाखा सुरू झाली आणि सुरतेहून अमळनेरापर्यंत तापी व्हॅली रेल्वे येऊन ती जळगावास जोडली गेली. हा मार्ग बऱ्याच अंशी तांड्यांच्या जुन्या राजमार्गाच्या शेजारून जातो. गवतावर चालणारी वाहतूक संपली आणि तिच्याच वाटेवर कोळशावर चालणारी सुरू झाली. तांडे थांबले, आणि थांबले तेथे वसले. चाळीसगाव-धुळे मार्गावर मोरदड तांडा नावाचे स्थानक आहे. ते नाव उच्चारताना किती प्रवाशांस बैलांच्या त्या रांगांची आठवण होत असेल?

बैलांची गरज संपताच गवताचा आर्थिक आधार गेला, आणि कापसास गाडी मिळताच नांगरास कारण मिळाले. माळ दोहों बाजूंनी संपला.

६

तथापि लोहमार्गाने एक गोष्ट नकळत वाचविली. रूळ टाकण्यासाठी घेतलेली जमीन रुळांपेक्षा रुंद होती. तिच्या कडेला खांब व तारा आल्या. भरावासाठी माती काढली तेथे खड्डे राहिले, त्यांत पावसाचे पाणी साचले आणि पाणपक्षी आले. कुंपणाच्या आत नांगर येत नव्हता. गवत पावसाळ्यानंतर कापले जाई. उन्हाळ्यात वाफेच्या इंजिनाच्या ठिणग्यांनी ते कोठे कोठे पेट घेई. बहुवर्षायू गवताचा जीव मुळांत असतो; कापणी आणि अधूनमधून लागणारी आग यांनी ते मरत नाही, उलट त्यावर चढू पाहणारी झुडपे मरतात. नांगर मात्र त्याचे मूळच उपटतो. म्हणून जेथे आग व विळा होता पण नांगर नव्हता, तेथे माळाचा तुकडा टिकला.

हे केवळ खानदेशात घडले असे नाही. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागातील विस्तीर्ण गवताळ प्रदेशास फ्रेंच वसाहतवाल्यांनी आपल्या भाषेतील ‘कुरण’ या अर्थाचा शब्द दिला : प्रेअरी. मागून आलेल्या इंग्रजी भाषकांकडे त्या भूप्रकारास शब्दच नव्हता. त्यांनी फ्रेंच शब्द उचलला आणि जमीन नांगरली. इलिनॉय राज्यात मूळच्या उत्तम प्रतीच्या प्रेअरीचा शतांश टक्काही आज उरलेला नाही. जे उरले ते जुन्या स्मशानांत आणि लोहमार्गांच्या कडेला. आल्डो लिओपोल्ड याने १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात एका ग्रामीण स्मशानाच्या कोपऱ्यात दरवर्षी फुलणाऱ्या अशाच एका प्रेअरी-वनस्पतीची हकीकत सांगितली आहे. १९६३ मध्ये मे थीलगार्ड वॉट्स या वनस्पतिज्ञ बाईंनी शिकागोच्या वृत्तपत्रात पत्र लिहून एका बंद पडलेल्या लोहमार्गाची पायवाट करावी अशी सूचना केली, आणि त्यातून ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’ निर्माण झाला. तेथे लोक आज चालत जाऊन आपल्या देशाचे मूळचे गवत पाहतात.

आपल्याकडे अशी नोंद ठेवणारे कोणी नव्हते असे नाही. मुलकी सेवेतील जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने १८८२ मध्ये ह्यूमच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची स्थूल यादी प्रसिद्ध केली. अशा यादीचे मूल्य किती, हे रानपिंगळ्याच्या प्रकरणावरून कळते. हा पक्षी नामशेष झाला असे मानले जात होते. त्याचा शेवटचा नमुना १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे मिळाला असा रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन याचा दावा होता. पॅमेला रासमुसेन आदी संशोधकांनी तो दावा तपासला तेव्हा तो नमुना मुळात डेव्हिडसनच्या संग्रहातील, चोरून नवी चिठ्ठी लावलेला, असे आढळले. खोटी चिठ्ठी बाजूस सारून जुन्या खऱ्या नोंदींचा माग घेतला, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी तो पक्षी जिवंत सापडला. तो वनातील पक्षी आहे, माळावरील नव्हे. पण पाठशुद्धीचे शास्त्र शिकणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात ठेवावे. स्थळाची खरी नोंद एका जीवजातीस परत आणू शकते.

तणमोर व माळढोक यांच्या बाबतीत असे सुदैव अद्याप लाभलेले नाही. दोन्ही जाती आज अतिसंकटग्रस्त आहेत. माळढोकासाठी १९७९ मध्ये नान्नजचे अभयारण्य झाले, तरी महाराष्ट्रात तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे. रुळांकडेची पट्टी एवढ्या मोठ्या पक्ष्यांस पुरणारी नव्हती. ती पुरली ती चंडोल, तितर, माळटिटवी, घोरपड, खोकड यांस.

७

पाचोरा-जामनेर ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी १९१८-१९ च्या सुमारास सुरू झाली. छप्पन्न किलोमीटरांचा हा मार्ग वरखेडी, शेंदुर्णी, पहूर असा जातो. परिसरातील लोक तिला ‘पीजे’ म्हणत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे ती थांबली आणि पुन्हा धावली नाही. रुंद रुळांचा नवा मार्ग बोदवडपर्यंत नेण्याची योजना पुढे आली.

गाडी थांबल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्याअखेर प्रस्तुत लेखक काही पदव्युत्तर विद्यार्थ्यांसह शेंदुर्णीच्या बाजूस बोलीची सामग्री गोळा करण्यास गेला होता. हा तावडी बोलीचा टापू. मार्गाच्या कडेला गुरे राखणारे एक वृद्ध गृहस्थ भेटले. आम्हांस हवी होती नात्यांची नावे व क्रियापदांची रूपे. ते सांगून झाल्यावर सहज समोरच्या गवताविषयी विचारले. त्यांनी काठीच्या टोकाने एकेक ताटवा दाखवीत नावे सांगितली : हे मारवेल, ही पवन्या, हा शेडा, ही कुसळी, हा कुंदा, ही हरळी. कोणते कोणत्या महिन्यात गुरे खातात, कोणते फुलावर आल्यावर तोंड लावीत नाहीत, कोणत्या कुसळाने मेंढीच्या कातड्यास जखम होते, हे सारे त्यांनी सांगितले. नंतर मी आमच्यातील एका विद्यार्थ्यास, जो त्याच तालुक्यातील होता, तोच प्रश्न केला. तो संकोचून म्हणाला, “सर, आम्ही याला नुसतं गवत म्हणतो.” आणि ही जमीन कसली, असे विचारता त्याने तत्काळ उत्तर दिले : “पडीत.” वृद्धाने मान हलविली. त्यांच्या लेखी ते रेल्वेचे कुरण होते.

विद्यार्थ्याचा दोष नव्हता. ‘तण’ शब्दाचा इतिहास वीस वर्षे शिकविणाऱ्या त्याच्या अध्यापकास तरी त्या दिवसापूर्वी मारवेल आणि पवन्या यांतील भेद कोठे माहीत होता? मला दोन्ही शब्द कोशातून ठाऊक होते. गवत ठाऊक नव्हते. आमच्या टिपणवहीत नात्यांची नावे सत्तेचाळीस होती आणि गवतांची सहा. तीही प्रश्नावलीबाहेरची म्हणून मागील पानावर.

८

हा प्रश्न केवळ स्मरणरंजनाचा नाही. ‘पडीत’ हा शब्द आजही जमिनीचे भवितव्य ठरवितो. राष्ट्रीय पातळीवर पडीक जमिनींचे नकाशे तयार होतात, आणि त्यांत माळांचा मोठा भाग ओसाड म्हणून रंगविला जातो. साक्री तालुक्यात २०१३ मध्ये सव्वाशे मेगावॉटचा सौरप्रकल्प कार्यान्वित झाला. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. वीज हवी, हे कोण नाकारील? परंतु जागा निवडताना तेथे ‘काही नाही’ असे जे गृहीत धरले जाते, ते भूगोलाचे सत्य नसून १८५२ नंतरच्या कोष्टकातील एक रकाना आहे, हे सांगण्याचे काम इतिहासकाराचे आहे. त्याच तालुक्यातील ठेलारी मेंढपाळांस विचारले तर ते ‘काही नाही’ म्हणणार नाहीत. वृक्षारोपणाच्या मोहिमांसही हेच लागू आहे. खड्डे खणून माळावर परकी झाडे लावणे म्हणजे वनसंवर्धन नव्हे. ती नांगराचीच दुसरी तऱ्हा आहे.

रुळांकडेची पट्टीही आता सुरक्षित नाही. वाफेची इंजिने गेली, ठिणग्या गेल्या, आणि वेडी बाभूळ व घाणेरी चढू लागली. १९५६ मध्ये पुण्यात प्रथम नोंदलेले गाजरगवत आज प्रत्येक स्थानकाच्या आवारात आहे. सुरत-जळगाव मार्ग दुपदरी झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये धुळ्यावरून जाणाऱ्या ३०९ किलोमीटरांच्या मनमाड-इंदूर मार्गास केंद्र सरकारने मंजुरी दिली. खानदेशाने या मार्गाची दीर्घकाळ वाट पाहिली आहे आणि तो व्हावा. त्याच्यासाठी माती हलेल, जुने तुकडे जातील, नवे भराव उभे राहतील. नव्या भरावावर काय उगवावे, हे ठरविण्याची संधीही त्यातच आहे.

तेव्हा आपल्या विभागापुढे एक मर्यादित सूचना ठेवून हे टिपण संपवितो. चाळीसगाव-धुळे, जळगाव-अमळनेर आणि बंद पडलेला पाचोरा-जामनेर या तीन मार्गांच्या कडेच्या गवतांची व पक्ष्यांची यादी वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र या विभागांच्या साह्याने करावी. आणि त्याच फेरीत, त्याच ठिकाणी, अहिराणी, तावडी, भिल्ली व बंजारा भाषकांकडून गवत, माती, चराई व जनावरे यांचे शब्द उच्चारासह टिपावेत. वनस्पतिज्ञास नाव हवे आहे आणि भाषाभ्यासकास वस्तू हवी आहे. दोघांनी वेगवेगळे जाऊन काम अर्धेच होते. रेल्वेची परवानगी आधी घ्यावी, आणि फेरी भाद्रपदाच्या अखेरीस, गवत फुलावर असताना ठेवावी. त्याआधी मारवेल आणि पवन्या यांतील भेद नवशिक्यास कळत नाही.

शेंदुर्णीच्या त्या वृद्धांनी वस्तुतः सात नावे सांगितली होती. सातवे मला नीट ऐकू आले नाही, आणि विषय आपला नव्हे म्हणून मी पुन्हा विचारले नाही.